मंडे बेची वाट

नाझरेथ गाव, २ मे

क्लार्विस,

लिफाफ्यावरचं माझं अक्षर बघून तुला वाईट बातमीच वाटली असेल. मॅमी ठणठणीत आहे, हे आधी सांगते, म्हणजे पुढचं तू नीट बसून वाचशील.

तुला लिहायचं नाही असं मी ठरवलं होतं आणि ते मला चांगलं जमतही होतं. पपाची समुद्राकडची जमीन हॉटेलवाल्यांना विकून तू लेस्टरला घर घेतलंस, तेव्हापासून आपल्या घरात तुझं नाव निघत नाही. मॅमी पोटच्या पोराला 'इंग्लंडवाला' म्हणते, तेही फक्त हवामानाच्या बातम्या लागल्या की. "तिकडे बर्फ पडतोय म्हणे. इंग्लंडवाल्याकडे कोट असेल." एवढंच बोलते आणि भेंडी चिरायला घेते.

ईस्टर मंडेला काय झालं ते तुला कुणीतरी तिखटमीठ लावून सांगेलच. त्यापेक्षा माझ्याकडून ऐक.

दरवर्षीसारखं सगळं गाव निघालं होतं. डोक्यावर टोपल्या, पोरांच्या हातात पतंग, मॅमीच्या हातात रताळ्याच्या डुकानाचं पातेलं. आपल्या मंडे बेच्या किनाऱ्याकडे जाणाऱ्या वाटेच्या तोंडाशी पोचलो तर तिथे लोखंडी फाटक. कुलूप आणि पाटी: 'पर्ल कोव्ह. खासगी मालमत्ता.' म्हणजे मंडे बेचं नावसुद्धा बदलून टाकलंय त्यांनी. आणि फाटकाशी गणवेशात उभा कोण, तर तुझा एल्डन. क्रिकेटमध्ये तुझ्याबरोबर डावाची सुरुवात करायचा तो.

टोपी काढून मॅमीला म्हणाला, "मिस झिलफा, वरून हुकूम आहे. माझी नोकरी जाईल."

मॅमी म्हणाली, "एल्डन, तुला पोहायला कुणी शिकवलं?"

"तुम्ही."

"कुठे?"

 चाळिशीचा दांडगा माणूस, खालमानेने बुटाने माती उकरत राहिला. ह्या गावात ज्याला ज्याला पोहता येतं त्याला मॅमीने मंडे बेमध्येच शिकवलंय, तुलाही. एवढी वर्षं कुणाकडून एक सेंट न घेता. तिने पातेलं एल्डनच्या हातात दिलं, "दुपारी खा, उपाशी राहू नकोस," म्हणाली आणि घरी परतली. त्यानंतर ती ओसरीवर जी बसली ती उठेना. चर्चलाही गेली नाही. मिस झिलफा चर्चला गेली नाही म्हटल्यावर पाद्रीबाबा स्वतः बघायला आले, तर त्यांनाही म्हणाली, "गुडघा दुखतोय." तिचा गुडघा कधी दुखलेला मी पाहिला नाही.

काल सकाळी मी चहा दिला तर म्हणाली, "तुझ्या त्या डबड्यात पेट्रोल आहे का?"

"आहे. कुठे जायचंय?"

"समुद्रावर."

"कुठल्या?"

"सगळ्या."

तिचं म्हणणं असं. हॉटेलवाले सांगतात की इथे वाट नव्हतीच. आज नाझरेथची नव्हती, उद्या दुसऱ्या गावाची नसेल. तेव्हा ह्या बेटावरच्या एकेका किनाऱ्यावर जायचं, तिथे जन्मभर चालत आलेल्या एका माणसाला वाळूत उभं करायचं आणि त्याचा फोटो काढायचा. "तू आयुष्यभर लोकांचे पासपोर्ट, लग्नं आणि प्रेतं काढलीस," ती म्हणाली. "आता जरा समुद्र काढ."

उद्या निघतोय. स्टुडिओला कुलूप लावलंय. तुला कळवलं एवढंच. काही मागत नाहीये.

ओरेथा


फ्रीटाउन गाव, १९ मे

क्लार्विस,

उत्तर आलं नाही. येईल असं वाटलंही नव्हतं, तरी गावच्या पोस्टातल्या बाईला मी दोनदा फोन करून विचारलं, ते वेगळं.

माझी व्हॅन तू पाहिलेली नाहीस. पांढरी आहे, मागचं दार दोरीने बांधावं लागतं आणि बाजूला मोठ्या अक्षरांत 'ओरेथा फोटो: पासपोर्ट, लग्न, अंत्यविधी' असं रंगवलंय. आम्ही कुठल्याही गावात शिरलो की लोक आधी विचारतात, कोण गेलं? मॅमी खिडकीतून सांगते, "अजून कुणी नाही, पण तुम्ही असेच मध्ये उभे राहिलात तर ही बाई घालवेल."

सकाळी लवकर निघतो, ऊन डोक्यावर यायच्या आत दोन-तीन किनारे होतात. दुपारी व्हॅनच्या सावलीत पाव, चीज आणि खारवलेला मासा. रात्री मॅमीच्या कुणा ना कुणा चर्चच्या मैत्रिणीकडे मुक्काम. प्रत्येक गावात हिची एकतरी मैत्रीण आहे आणि प्रत्येकीच्या घरी माझं लग्न का झालं नाही ह्यावर नव्याने चर्चा होते.

हाफ मून बेला वाळूत रुतलो. मी गिअर बदलून बदलून थकले, चाकं आणखी खाली. एवढ्यात एक मिनीबस आली, त्यातून पांढरेशुभ्र कपडे घातलेली अख्खी क्रिकेट टीम उतरली. कप्तानाने व्हॅनवरची अक्षरं मोठ्याने वाचली आणि मॅमीला म्हणाला, "मावशी, अंत्यविधी ह्या गाडीचाच दिसतोय."

मॅमी म्हणाली, "काल तुम्ही किती धावांत गार झालात ते रेडिओवर ऐकलंय मी. तोंडाऐवजी खांदा लावा."

पुढे एक शब्द न बोलता त्यांनी व्हॅन उचलून रस्त्यावर ठेवली. सगळ्यांचे कपडे चिखलवाळूने माखले. तसाच त्यांचा फोटो काढला, पाठीमागे ती चंद्रकोरीसारखी खाडी. माझ्या मते आतापर्यंतचा सगळ्यात चांगला.

मॅमीच्या मते नाही. तिला आवडलेला फोटो पूर्वेकडच्या एका किनाऱ्याचा आहे, ज्याला कुणी धड नावही देत नाही. काळे दगड, कुजकं शेवाळ, वाऱ्याने आडवी झालेली झाडं. मी म्हटलं, इथे कशाला रोल वाया घालवायचा? तर तिने थांबवलंच. तिथे एक म्हातारा शिंपल्या वेचत होता. त्याला विचारलं, किती वर्षं येताय? म्हणाला, "मला आठवतंय तेव्हापासून. लोक म्हणतात घाण किनारा आहे. मी म्हणतो, बरं झालं, म्हणून हॉटेल आलं नाही." फोटोसाठी त्याने शर्टाची गुंडी लावली आणि असा ताठ उभा राहिला की तो सगळा किनारा त्याच्या बापाचा वाटावा.

फोटो काढताना मी प्रत्येकाला एकच प्रश्न विचारते: इथे कुठून आलात? आणि तो माणूस हात वर करून वाट दाखवतो. तो हात फोटोत येतो. हे मी ठरवून केलं नव्हतं. एका मुक्कामी पहिला रोल धुऊन वाळत टाकला तेव्हा लक्षात आलं, सगळे जण हात करून उभे आहेत.

ओरेथा

ता.क. काल मॅमीने विचारलं, रोज रात्री काय खरडतेस? मी म्हटलं, पेट्रोलचा हिशोब. तिने मान डोलावली. तिला हिशोब येतो, त्यामुळे पटलं असेल असं नाही.


ओल्ड रोड गाव, ११ जून

क्लार्विस,

अजून काही नाही तुझ्याकडून. ठीक आहे. मीही सवयीने लिहितेय असं समज.

पश्चिमेकडे सगळं सोपं असेल असं वाटलं होतं. रस्ता समुद्राला चिकटून, डार्कवुडला तर गाडीतून उतरून चार पावलांवर पाणी. पण मोठ्या हॉटेलांच्या किनाऱ्यांवर जायचं तर त्यांच्या दारातून. कायदा सांगतो की बेटावरचा प्रत्येक किनारा सगळ्यांचा आहे. तिथे पोचायचं कसं, हे कायदा सांगत नाही.

अशाच एका हॉटेलच्या दाराशी मी व्हॅन थांबवली. पहारेकरी 'अंत्यविधी' वाचून जवळ येऊ लागला. मॅमी खाली उतरली. डोक्यावर चर्चला घालायची निळी हॅट, हातांत हातमोजे, पर्स. सरळ दालनात शिरली. डावीकडे "गुड आफ्टरनून", उजवीकडे "गुड आफ्टरनून". कारकून उठून उभे राहिले, एका वेटरने खुर्ची सरकवली, कुणीतरी सरबताचा पेला हातात दिला. ती तो पीत पीत पलीकडच्या दाराने वाळूवर गेली. मी कॅमेरा घेऊन मागून, तिची मोलकरीण असल्यासारखी. फोटो काढून आम्ही त्याच दाराने परत आलो आणि पहारेकऱ्याने सलाम केला.

व्हॅनमध्ये बसल्यावर हसून हसून मला रडायला आलं. म्हटलं, "मॅमी, हे आपण मंडे बेला का नाही केलं? ही हॅट घालून पर्ल कोव्हच्या दारातून गेलीस तर कोण अडवणार आहे?"

ती हसत नव्हती. हातमोजे काढत म्हणाली, "ह्यांच्या किनाऱ्यावर मी पाहुणी म्हणून जाईन. माझ्या किनाऱ्यावर पाहुणी म्हणून जायचं? त्यापेक्षा पोहणं विसरून जाईन."

तेव्हा मला कळलं की ती ओसरीवर का बसून राहिली होती.

मग काल रॉन्देव्हू बे. तिथे गाडी जात नाही हे तुला माहीत आहे. टेकडी चढायची, पलीकडे उतरायची, काटेरी झुडपं आणि सुटे दगड. मी म्हटलं, तू खाली थांब, मी काढून आणते. ती काठी घेऊन चालू लागली. वाटेत दोनदा बसली. दुसऱ्यांदा बसली तेव्हा तिचे ओठ पांढरे पडले होते आणि मी मनातल्या मनात देवाला बरंच काही बोलले. ती पाणी प्यायली, मग बकऱ्या चारणाऱ्या एका बाईला हाक मारून, तिच्या आईची चौकशी करून उठली.

माथ्यावरून ती खाडी दिसली. एकही माणूस नाही, एकही छप्पर नाही.  खाली पोचल्यावर मॅमीने बूट काढले, हॅट माझ्या हातात दिली आणि कपड्यांसकट पाण्यात शिरली. फाटक लागल्यापासून ती पहिल्यांदा समुद्रात गेली, क्लार्विस. आधी पाठीवर तरंगली. मग वळली आणि लांब लांब हात मारत निघाली. ह्या वयात तिचा हात पाण्यात शिरताना अजून आवाज होत नाही. मी कॅमेरा डोळ्याला लावला होता. कितीतरी वेळ मला बटण दाबायचं सुचलं नाही.

भिजलेली बाहेर आली आणि म्हणाली, "इंग्लंडवाल्याचे पाय नेहमी बुडायचे. किती सांगितलं त्याला, पोट वर घे."

हवामानाच्या बातम्या नव्हत्या, काही नव्हतं. आपणहून बोलली.

ओरेथा


सेंट जॉन्स, १६ जुलै

क्लार्विस,

प्रदर्शन लागलं. मेथडिस्ट चर्चचं सभागृह मिळालं, तेही कार्निव्हलच्या तोंडावर, म्हणजे बाहेरच्या बेटांवरची आणि इंग्लंड-कॅनडाहून आलेली आपली सगळी माणसं शहरात असताना. किनारे किती झाले ते विचारू नकोस. वर्षात जेवढे दिवस तेवढे किनारे असं आपण लहानपणापासून ऐकतो, तेवढे काही सापडले नाहीत. मॅमी म्हणते, मोजणारा दोनदा फिरला असेल.

भिंतीभर फोटो. शिंपलीवाला म्हातारा, क्रिकेटवाले, बकऱ्यांची बाई, कोळी, शाळामास्तर, एक नवरी. सगळे हात करून वाट दाखवतायत. आणि दारासमोरच्या भिंतीवर, जिथे सगळ्यांची पहिली नजर जाते, तिथे एक रिकामी चौकट. आत पांढरा कागद. खाली लिहिलंय, 'मंडे बे, नाझरेथ.' बाकी काही नाही.

ही कल्पना मॅमीची. मी म्हणत होते, फाटकाचा फोटो लावू. ती म्हणाली, "फाटकाला कशाला मान द्यायचा?"

पहिल्या दिवशी लोक येऊन हसत होते, आपापल्या गावची माणसं शोधत होते. मग त्या चौकटीशी येऊन थांबायचे. दुसऱ्या दिवशी रांग सभागृहाबाहेर. शिंपलीवाला म्हातारा बस बदलून बदलून आला, स्वतःच्या फोटोकडे बघितलंही नाही, त्या कोऱ्या कागदासमोर टोपी काढून उभा राहिला.

शनिवारी रेडिओवरच्या फोनवाल्या कार्यक्रमात हाच विषय. हॉटेलचा माणूस आला होता, गोड बोलणारा. म्हणाला, प्रदर्शन सुंदर आहे, मिस झिलफांबद्दल आदर आहे, पण आम्ही जमीन घेतली तेव्हा तिथे नुसतं रान होतं. वाट असल्याचं आम्हाला कुणीही कधीही सांगितलं नाही. ज्याने विकली त्यानेसुद्धा नाही.

आपल्या गावातून फोनवर फोन गेले. तो प्रत्येकाला म्हणाला, तुम्ही गावचेच, तुम्ही असंच म्हणणार.

मी आणि मॅमी व्हॅनमध्ये बसून ऐकत होतो. तिने रेडिओ बंद केला. "त्याने सांगितलं होतं की नाही?" एवढंच विचारलं, माझ्याकडे न बघता. मला काय माहीत? तू जमीन विकलीस त्या दिवशी तिने ओसरीवरून तुला काय बजावलं होतं ते मी ऐकलंय: जमीन तुझी आहे, विक, पण वाट तुझी नाही, हे त्यांना सांग. पुढे तू सांगितलंस की नाही, ते तुला आणि त्यांना ठाऊक.

कार्यक्रम येत्या शनिवारीही आहे. सकाळी असतो, तुमच्याकडे तेव्हा दुपार. नंबर पाठीमागे लिहिलाय, ज्याला हवा त्याच्यासाठी. मी काही मागत नाहीये.

ओरेथा


नाझरेथ, १९ ऑगस्ट

प्रिय क्लार्विस,

माझ्या पत्राला तू पत्राने उत्तर दिलं नाहीस. सगळ्या बेटाला ऐकवून दिलंस. तेव्हा इकडे काय झालं ते आता तुलाही कळलं पाहिजे.

त्या शनिवारी आम्ही बाजारात होतो. मॅमी काळ्या जातीच्या अननसावरून घासाघीस करत होती. बाजारात प्रत्येक टोपलीशेजारी रेडिओ, सगळीकडे तोच कार्यक्रम. निवेदक म्हणाला, "लेस्टरहून फोन आहे," आणि तुझा आवाज आला. "मी क्लार्विस जोसेफ. ती जमीन मी विकली."

मॅमीच्या हातात अननस तसाच राहिला.

सुरुवातीला तू इतका अडखळत होतास की मला वाटलं, फोन ठेवणार. मग म्हणालास, "वाट आहे हे मी सांगितलं होतं. ते 'हो हो' म्हणाले. लिहून घ्या म्हणून मी हट्ट धरला नाही, मला पैशांची घाई होती. ती चूक माझी. पण वाट दिसली नाही असं म्हणू नका. तुमच्या मोजणीच्या माणसाला मी त्याच वाटेने चालवत नेलंय. मध्यावर त्याने मँचिनीलचं फळ तोडून खाल्लं."

 शेजारची कांदेवाली बाई म्हणाली, "मँचिनील खाल्लं?" आणि सगळा बाजार हसत सुटला. आपल्याकडे नुकतं चालायला लागलेलं पोरसुद्धा त्या विषारी झाडाच्या सावलीत जात नाही. पुन्हा आलेला हॉटेलचा माणूस काहीतरी बोलायला लागला, पण निवेदकच इतका हसत होता की त्याला बोलता येईना. तू आपला गंभीरपणे सांगतोयस, "त्याचे ओठ असे सुजले की मी त्याला आमच्या ओसरीवर नेऊन दूध पाजलं, घरात तेव्हा कुणी नव्हतं. विचारा त्याला. अजून विसरला नसेल."

त्याला विचारावं लागलंच नाही. दुसऱ्या दिवशी त्याने स्वतःच रेडिओला फोन केला. आता निवृत्त झालाय. म्हणाला, हो, तो मीच, आणि वाट बैलगाडीएवढी रुंद होती.

त्यानंतर गोष्टी भराभर झाल्या. पर्यटकसुद्धा हॉटेलच्या कारकुनांना विचारू लागले की मँचिनील म्हणजे काय. कार्निव्हलच्या मिरवणुकीत एक अख्खा गट सुजलेले ओठ लावून नाचला. मंत्रिमहाशयांनी प्रदर्शनाला भेट दिली, त्या कोऱ्या कागदासमोर त्यांचा फोटो निघाला आणि तसा फोटो निघाल्यावर माणसाला काहीतरी करावंच लागतं. शेवटी हॉटेलने जाहीर केलं की वाट खुली राहील, कायमची, आणि पाटीवर नाव मंडे बे असेल.

दोन दिवसांनी सोमवार होता. सगळं गाव निघालं. मिनीबस भरून क्रिकेटवालेही आले. एल्डन किल्ली घेऊन उभा होता, गणवेश घरी ठेवून, पोहायच्या चड्डीत. कुलूप खाऱ्या हवेने गंजलेलं, उघडेना. मॅमी म्हणाली, "बाजूला हो, मी बघते," तेवढ्यात त्याने हिसका देऊन ते तोडलंच. ती पुढे, आम्ही मागे. कुणी ओरडलं नाही, गाणं नाही. फक्त चालण्याचा आवाज. पाणी दिसलं तेव्हा मात्र मागून एक बाई रडायला लागली आणि मग कुणी कुणाला थांबवलं नाही.

मी कॅमेरा काढला आणि मॅमीला म्हटलं, उभी राहा. तिने कॅमेराच माझ्या हातातून घेतला. "तू उभी राहा. एवढं बेट पालथं घातलंस आणि एकाही फोटोत तू नाहीस."

"तुला येत नाही काढता."

"तुला पोहता येत नव्हतं. शिकलीस ना?"

तर आता त्या चौकटीत मी आहे, केस विस्कटलेले, हात करून वाट दाखवत. अर्धं आकाश मॅमीच्या अंगठ्याने झाकलंय. सभागृहात लोक त्या अंगठ्यासमोर सगळ्यात जास्त वेळ उभे राहतात.

आता मुख्य गोष्ट. आज सकाळी मी हे लिहायला बसले तर मॅमी पाठीमागे येऊन उभी राहिली. "पेट्रोलचा हिशोब?" तिने विचारलं.

मी म्हटलं, "नाही. क्लार्विसला पत्र."

"माहीत आहे. मे महिन्यापासून माहीत आहे." मग म्हणाली, "रेडिओवर त्याचा आवाज बसलेला वाटला. खातो-पितो की नाही?"

"तूच विचार त्याला. लिहू का काही तुझ्याकडून?"

 मग तिने सांगितलं, ते जसंच्या तसं उतरवते:

"क्लार्विसला लिही, वाट उघडली, पण दोन्ही बाजूंनी झुडपं फार माजलीत. ती त्यानेच तोडायची, दुसऱ्या कुणाला मी हात लावू देणार नाही. कोयता मी धार लावून ठेवलाय. विमानात नेऊ देत नाहीत म्हणे, तेव्हा त्याने नुसतं यावं."

तुझी,
ओरेथा